त्यात उशीचा काही दोष नाही

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे मान वाकवायला बंदी केली आहे. तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच, नजर समोर ठेवून केला आहे असं समज. तू आणि भावोजी खुशाल असाल. भावोजींचा खोकला थांबला का? (नसेल तर निदान आईशी फोनवर बोलताना तरी आवरा म्हणावं. ते तिकडे एकदा खोकतात आणि इकडे आई दोन दिवस त्यावर बोलते.) आईची तब्येत उत्तम आहे. तू पाठवलेली उशी मंगळवारी पोचली. फार चांगली उशी आहे. मधे खळगा, कडेला उंचवटा, आणि सोबत चार पानी सूचना, ज्या तू माझ्याआधी वाचून लाल पेनाने तीन ठिकाणी अधोरेखित केल्या आहेस. त्या उशीवर डोकं टेकलं की मला लाज वाटते. कारण माझी मान उशीमुळे अवघडलेली नाही, झोपेत तर नाहीच नाही. फोनवर मी तुला थाप मारली. पुढच्या महिन्यात तू आलीस की गळ्यातला पट्टा बघशील, आणि मग तुझ्यासमोर उभं राहून खरं सांगायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून हे पत्र.

मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढतो, ही गोष्ट खरी आहे. पण सोमवार ते शुक्रवार एवढीच. शनिवार-रविवारी माझी जी 'बाहेरगावची ऑर्डर' असते, ती लग्नाची नसते. गावाबाहेर एक छोटी धावपट्टी आहे. तिथून एक विमान दहा-बारा माणसांना चार हजार मीटर उंच नेतं आणि ती माणसं दार उघडून आपखुशीने बाहेर पडतात. मी त्यांच्याबरोबर बाहेर पडतो आणि त्यांचे फोटो काढतो. ताई, पुढचं वाक्य वाचण्याआधी बस कुठेतरी. गेल्या चार वर्षांत माझ्या सहाशे बारा उड्या झाल्या आहेत.

तुझ्या मनात आत्ता काय आलं ते मला इथे बसून कळतं. ज्या घरात बारा वर्षं घरचं कुणी स्टुलावर चढलेलं नाही, त्या घरातला हा मुलगा. बाबा गेल्यावर तू तो कायदाच केलास, आणि कुणी मोडलेला नाही. कपाटावरच्या ट्रंका कपाटावरच आहेत, त्यांत काय आहे हे आता कुणालाही आठवत नाही. शेजारचे काका होते तोवर ते येऊन बल्ब बदलायचे (ते स्टुलावर चढले की आई स्वयंपाकघरात जाऊन बसायची). ते घर सोडून गेले, आणि मागच्या खोलीतला बल्ब सात महिन्यांपूर्वी उडाला. तेव्हापासून तिथे टेबलावरचा दिवा लावून काम भागवतो आहोत. त्या खोलीत मी पॅराशूटची पिशवी ठेवतो. अंधार माझ्या सोयीचा होता, हे कबूल करतो. उडीचा एक खास पोशाख असतो, त्याला काखेपासून कमरेपर्यंत पंखासारखं कापड असतं; हात पसरले की वेग थोडा आवरता येतो आणि समोरच्या माणसाच्या बरोबरीने पडता येतं. त्याची शिवण उसवली तेव्हा आईला सांगितलं की स्टुडिओत लहान मुलांचे फोटो काढायला वटवाघळाचा वेष आणलाय. तिने शिवून दिला. दुहेरी टाके घातले आणि म्हणाली, मुलं बरीच उंच आहेत तुझ्याकडची.

आता मुद्द्याकडे येतो. या कामात दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले असतात, त्यामुळे कॅमेरा हातात धरता येत नाही, तो डोक्यावर असतो. हेल्मेटच्या माथ्यावर फोटोचा कॅमेरा, कानाशेजारी चित्रीकरणाचा, उजव्या डोळ्यापुढे नेम धरायला एक छोटी काचेची चकती. आणि बटण? बटण दातांत. वायरीच्या टोकाला रबरी कळ असते, ती चावली की फोटो निघतो. (म्हणून आम्हां लोकांचं हसू कुठल्याही फोटोत नीट येत नाही, दात कामात असतात.) हे सगळं डोक्यावर चढवायची परवानगी दोनशे साध्या उड्या झाल्याशिवाय मिळत नाही, कारण डोक्यावर जे जे बाहेर आलेलं असतं त्यात पॅराशूट उघडताना दोरी अडकू शकते. अडकलीच तर हेल्मेट सोडून द्यायचं. त्यासाठी जबड्याजवळ एक लाल कडी असते. ती ओढली की हनुवटीखालचा पट्टा सुटतो, हेल्मेट डोक्यावरून निघून जातं आणि माणूस वाचतो. कॅमेऱ्याचं काय होईल ते नंतर बघायचं.

आमच्या मैदानावर एक मास्तर आहेत. नवख्या माणसाला स्वतःच्या छातीशी बांधून उडी मारणं, आणि आम्हां सगळ्यांच्या सामानावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं, ही दोन्ही कामं त्यांचीच. मास्तर फार कमी बोलतात. त्यांचा एक नियम आहे. आपलं सामान आधी आपण तपासायचं आणि मग दुसऱ्याला तपासू द्यायचं, तेही नजरेने नाही, बोटांनी. प्रत्येक पट्टा, प्रत्येक पिन, प्रत्येक कडी दुसऱ्याच्या बोटाला लागली पाहिजे. विमानात चढण्याआधी आम्ही एकमेकांना असे चाचपत उभे असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, यांचं काहीतरी हरवलंय.

त्या आठवड्यात मास्तरांनी शिकवलं होतं की हेल्मेटवरची प्रत्येक फट आणि प्रत्येक कोपरा टेपने झाकून टाका, दोरीला धरायला काही उरू नये. आता टेप म्हटलं की मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. बाबा पाट्या रंगवताना अक्षरांच्या कडांना चिकटपट्टी लावायचे, आणि तू आणि मी नखाने ती दाबत बसायचो, आठवतं? एवढासा बुडबुडा राहिला तरी ते पट्टी उपटून काढायला लावायचे. मी शनिवारी सकाळी तीन तास बसून हेल्मेट टेपने मढवलं. कॅमेऱ्याचे कोपरे, स्क्रूंची डोकी, वायरीची खाच, सगळं. नखाने कडा दाबल्या. हात फिरवला तर गोट्यासारखं गुळगुळीत लागत होतं. त्यावर सगळ्यांत जास्त बाहेर आलेली वस्तू कोणती होती म्हणशील, तर ती लाल कडी. तिच्यावर मी दोन थर लावले.

हे मला त्या वेळी अजिबात चुकीचं वाटलं नाही. उलट अभिमान वाटला. आज लिहितानाही त्या कामाची सफाई आठवून क्षणभर बरं वाटतं, आणि मग मान दुखते.

दुपारी मास्तरांच्या छातीशी ज्या बाई बांधल्या जाणार होत्या, त्या म्हणजे बसच्या निवृत्त कंडक्टर. एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभ्याने काढलेल्या. निवृत्त झाल्यावर काय करायचं याचा त्यांनी बराच विचार केला आणि ठरवलं की एकदा अशा गाडीत बसायचं जिथून मधेच उतरता येतं. घरून कुणी आलं नव्हतं. मला एकच सांगितलं, माझा एक तरी फोटो असा काढा की ज्यात माझ्या मागे गर्दी नाही. (मी म्हटलं, त्याची काळजी सोडा.) मास्तर त्यांचे पट्टे आवळत होते, आणि बाई सवयीने माझ्याकडे, विमानाकडे, दाराकडे नीट निरखून बघत होत्या. मग त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट केलं आणि विचारलं, "आणि हे काढायचं कसं?"

एकतीस वर्षं ज्यांनी रोज सकाळी बसचं संकटकाळी बाहेर पडायचं दार उघडतं का ते बघितलं, त्यांनी विचारलेला तो प्रश्न होता. मास्तरही वळले. म्हणाले, "इकडे ये, बोटं फिरवतो." आणि मी, ताई, माझ्या त्या गुळगुळीत टेपवर कुणाची घामट बोटं लागू नयेत म्हणून एक पाऊल मागे झालो आणि म्हणालो, "मी बघितलंय. तुम्ही व्हा पुढे."

वर गेलो. दार उघडलं. मी बाहेरच्या पायरीवर दांडा धरून लटकलो, कारण ते दोघे बाहेर पडताना समोरून टिपायचे असतात. दाराशी आल्यावर बहुतेकांचा चेहरा पांढरा पडतो. बाईंनी मागे बघितलं आणि रांगेत दार अडवून बसलेल्या दोघांना त्यांच्या जुन्या आवाजात, वाऱ्याच्याही वर ऐकू येईल असं सांगितलं, "पुढे चला, दारात थांबू नका." ते दोघे खरोखरच सरकले. मग बाई आणि मास्तर बाहेर पडले, त्यांच्या पाठोपाठ मी.

त्या पन्नास सेकंदांबद्दल तुला काय सांगू. बाईंनी हात पसरले होते. गाल वाऱ्याने फडफडत होते आणि डोळ्यांत इतका आनंद होता की मी बाकी सगळं विसरलो. या कामातला सगळ्यांत मोठा धोका हाच आहे. उडी मारणारा जमिनीकडे बघत असतो आणि फोटो काढणारा उडी मारणाऱ्याकडे. म्हणून आमच्या कानात उंची सांगणारं एक यंत्र असतं, ते ठराविक उंचीला वाजतं. ते पहिल्यांदा वाजलं. मास्तरांनी पॅराशूट उघडलं आणि ते दोघे वर खेचले गेले. फोटो. यंत्र दुसऱ्यांदा वाजलं, म्हणजे आता माझं उघडायलाच हवं. पण वर निळ्या आभाळात बाईंचे दोन पाय लोंबकळत होते आणि मागे, त्यांना हवी होती तशी, कणभरही गर्दी नव्हती. मी म्हटलं, आणखी एक. मान वर करून तो काढला, आणि मान तशीच वर ठेवून माझं पॅराशूट उघडलं. उघडताना मान सरळ ठेवायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

दोरी त्या काचेच्या चकतीत अडकली. तेवढी एकच गोष्ट मी टेपने झाकली नव्हती, कारण झाकली असती तर दिसलं नसतं. मान उजवीकडे वर ओढली गेली आणि पॅराशूट एका बाजूला झुकून गोल फिरायला लागलं. मी त्याच्याबरोबर फिरायला लागलो. दुसरं, राखीव पॅराशूट पाठीवर होतं, पण डोकं पहिल्याला बांधलेलं असताना ते उघडून चालत नाही. म्हणजे आधी डोकं सोडवायचं. हात लाल कडीकडे गेला, आणि हाताला कडी लागलीच नाही. हाताला लागला तो माझाच टेप, गुळगुळीत.

मी नखं मारली. हातात मोजे. मोजा दाताने ओढावा म्हटलं तर दातांत ती कळ. पण हे सगळं लक्षात येईपर्यंत मी भीतीने दात आवळत होतो, आणि जितक्या वेळा दात आवळले तितक्या वेळा वर इमानाने फोटो निघत होता. नंतर मोजले, सव्वीस निघाले. आभाळ, दोरी, शेत, आभाळ, दोरी, शेत. सगळे अगदी स्पष्ट आहेत. शेवटी कळ थुंकून टाकली, मोजा ओढून काढला आणि टेपची कड शोधायला लागलो. कड मिळेना. बाबांनी शिकवलेली पट्टी होती ती, ताई. मी खाली बघू शकत नव्हतो, पण शेत जवळ येतंय हे घाणेरीच्या झुडपांच्या वासावरून कळत होतं. तेव्हा मी मरणार असं मला खरंच वाटलं. मला आईची आठवण आली, तुझी आली. आणि बोटाला टेपचा एक बुडबुडा लागला. एवढासा. बाबांनी उपटून टाकायला लावला असता, तसला. तिथे नख घातलं, दोन्ही थर निघाले, कडी ओढली, हेल्मेट डोक्यावरून निघालं. पॅराशूट सरळ झालं. मी शेताच्या कडेला बांधावर आपटलो, पण दोन पायांवर.

हेल्मेट दोरीला अडकून माझ्या डोक्यावर लोंबकळतच खाली आलं आणि चित्रीकरणाचा कॅमेरा चालूच होता. त्यामुळे शेवटचं अर्धं मिनिट तो मला वरून टिपत होता. मास्तर ती फीत आता प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतात. माझ्या डोक्यावर मागच्या बाजूला टक्कल पडायला लागलं आहे, हे मला आणि मैदानावरच्या चाळीस माणसांना एकाच दिवशी कळलं. बाई माझ्यानंतर उतरल्या. माझी मान वाकडी बघून त्यांनी विचारपूस केली, पाणी दिलं, आणि मग शांतपणे म्हणाल्या, मी विचारलं होतं तुम्हाला. मी म्हटलं, हो. मास्तरांनी टेपचा एक तुकडा हातात धरून उलटसुलट करून बघितला. मग चुका नोंदवायच्या वहीत आधी स्वतःचं नाव लिहिलं, कारण मी 'बघितलंय' म्हटल्यावर त्यांनी ऐकून घेतलं होतं, आणि त्याखाली माझं. स्वतःला त्यांनी पंधरा दिवस जमिनीवर ठेवलं. मला अजून ठेवलेलं आहे.

तर मान अशी अवघडली. उशीचा त्यात काही दोष नाही, आणि सूचना मी पाळतो आहे. भावोजींना नमस्कार. खोकल्याचं बघा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. खरं तर पत्र त्यासाठीच. कॅमेऱ्याची परवानगी परत हवी असेल तर मास्तरांची अट आहे की घरातल्या एका माणसाला, जे घडलं ते सगळं स्वतःच्या हाताने लिहून कळवायचं आणि त्या माणसाची सही आणायची. चार वर्षांपूर्वी मी 'घरी माहीत आहे का' यापुढे 'हो' लिहिलं होतं आणि तुझा नंबर दिला होता. तिथेही थापच. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही हवी. तू तपासून सही केल्याशिवाय तुमच्या औषधांच्या कारखान्यातून गोळ्यांची एक पेटी बाहेर पडत नाही, हे मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, मग त्यांचीच आण. मला हे काम फार आवडतं, ताई. दुसरं काही मला इतकं नीट जमत नाही. तरी तू नाही म्हणालीस तर मी परत विचारणार नाही.

ता. क. दुसरा. फॉर्मला टाचणीने एक फोटो लावला आहे. तो बघण्याआधी हे वाच. बाबा पाटी रंगवताना पडले त्या दिवशी मी नवीन घेतलेला कॅमेरा दाखवायला तिथे आलो होतो, हे तुला माहीत आहे. मी रस्त्याच्या पलीकडून फोटो काढत होतो, हे मी कधी बोललो नाही. फोटोत बाबा शिडीवर आहेत, हात लांब केलेला. तू पाठमोरी आहेस, पडलेला ब्रश आणायला निघालीस. आवाज फोटोत येत नाही, पण मी ऐकला होता. तू शिडी धरून विचारलंस, शिडी वर बांधलेली दोरी बघू का. बाबा म्हणाले, मी बघितलंय, तू जा. तो हात तुला जायला सांगणारा आहे. तू शिडी सोडली नव्हतीस. तुला पाठवलं होतं. बारा वर्षं तू तिकडे एकेक गोळी तपासत बसली आहेस आणि मी हा फोटो वहीत दडवून बसलो, कारण त्या वेळी मीही 'आणखी एक' म्हणत कॅमेऱ्यातच बघत होतो, दोरीकडे नाही. त्या शनिवारी टेपवर नख मारताना मला माझेच शब्द आठवले आणि ते कुणाचे आहेत ते कळलं. तू सही कर किंवा करू नकोस. पण हे तुझ्याकडे असायला हवं होतं, बारा वर्षांपूर्वीच.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो तर आईने पत्र मागितलं. दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, फोटो बराच वेळ हातात ठेवला, डोळे पुसले. मग म्हणाली की वटवाघळाला पॅराशूटच्या पट्ट्यांच्या खुणा पडत नाहीत, तिला चार वर्षं ठाऊक आहे, आणि दुहेरी टाके उगाच नव्हते घातले. तुला कळवायला सांगितलंय की स्टुलाचा कायदा आता पुरे. असं म्हणून तिने स्टूल आणलं. मागच्या खोलीतला बल्ब मी आत्ता बदलला (मान न वाकवता, वर बघून, डॉक्टरांनी वर बघायला बंदी केलेली नाही). चढण्याआधी तिने स्टुलाचे पाय डुगडुगतात का ते बोटांनी चारही बाजूंनी बघितलं, आणि मी उतरेपर्यंत धरून ठेवलं. उजेड भरपूर आहे. पण त्या उजेडात भिंतींची अवस्था दिसली. खोलीला रंग द्यायला हवा, आणि त्याला शिडी लागेल. तू कधी येतेस?